बोर्डावर गेस्ट

अंजनवेल
३१ जानेवारी २०२५

गुरुप्रसाद,

आशीर्वाद आहेच, तो दर वेळी लिहून शाई कशाला घालवायची.

तुझं रजिस्टर मिळालं. डोंबिवलीहून येणाऱ्या गुहागर गाडीचा कंडक्टर रितेश स्वतः आणून देऊन गेला, चहा पिऊन गेला आणि आजी फोनवर का बोलत नाही हे परत एकदा विचारून गेला. म्हटलं, कानात दडे बसलेत. फोनवर नातू काय बोलतो ते मला कळत नाही आणि मी काय बोलते ते अख्ख्या वाडीला कळतं. त्यापेक्षा पाकीट बरं. चिकटवलं की चिकटवलं.

आता रजिस्टराचं. नावापुढे तू चार रकाने छापलेस. गेस्ट, व्हिजिटर, कस्टमर, क्लायंट. त्यातल्या एकावर खूण करायची म्हणतोस. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही बाईंचं पोर सांभाळायच्या बोलीवर. मी कशावर खूण करू? ठाण्याची जोडी दोन रात्री राहून, सहा सहा घावन खाऊन गेली, ती कोण? किल्ला बघायला आलेला माणूस संडास कुठे आहे विचारत आत आला आणि जाताना अर्धा किलो कोकमाची सोलं घेऊन गेला, तो कोण? कामाला येते त्या सखूला विचारलं तर ती म्हणाली सगळेच कस्टमर. ती पोस्टमनलाही कस्टमर म्हणते. क्लायंट वकिलाकडे असतो एवढं मी ऐकलंय. मी काय वकील आहे?

आपल्या घरात आजवर दोनच रकाने होते. दगडी गडग्याच्या आत आला, पायरीवर चपला काढल्या, गूळ-पाणी घेतलं, तो पाहुणा. गडग्याबाहेर उभं राहून काजूगर कसे दिलेत विचारतो, तो गिऱ्हाईक. पाहुणा समुद्राकडे निघाला की घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर खडपाच्या कातळापर्यंत जातं, आणि पाणी भरायला लागलं की त्याला हाक मारून वर आणतं. तुझ्या आजोबांनी जन्मभर हेच केलं. ते गेल्यावर मी करते. गिऱ्हाईकाच्या मागे कोण जातं? तो त्याचा आला, त्याचा गेला.

परवा अमावास्येला ही ठाण्याची जोडी भर उधाणात खाली निघाली होती. मी छत्री आडवी धरून वाटेत उभी राहिले. ती बाई मला काहीतरी इंग्रजीत बोलली. मला ऐकू आलं नाही, त्यामुळे दोघींचंही बरं झालं.

रकाने समजावून लिही.

आजी


डोंबिवली
३ फेब्रुवारी २०२५

आजी,

नमस्कार. तुझं पत्र वाचून हसू आलं असतं, पण त्याच दिवशी ठाण्याच्या त्या जोडीचा अभिप्राय आला. पाचपैकी दोन स्टार. त्यांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं देतो. ‘जागा सुंदर, पण आजी डोक्यावर बसतात. लग्नाला किती वर्षं झाली, मूल का नाही विचारतात. समुद्रावर जाऊ देत नाहीत, छत्री घेऊन आडव्या येतात. सुट्टीवर आलोय की आजोळी, कळेना.’

आजी, हे सगळे लोक वाचतात. दोन खोल्या, एकूण नऊ अभिप्राय, त्यात एक असा. खाली घसरलो की आपलं नाव कोणाला दिसतसुद्धा नाही.

आता शब्द. व्हिजिटर म्हणजे नुसता बघून जाणारा. तुझा संडासवाला आधी व्हिजिटर, सोलं घेतली की कस्टमर. क्लायंट म्हणजे कामासाठी तुझ्यावर भरवसा टाकून परत परत येणारा. तो रकाना मी उगाच छापला, तो सोड. राहिले दोन. कस्टमर म्हणजे गिऱ्हाईक. गेस्ट म्हणजे पाहुणा, पण हॉटेलच्या धंद्यात गिऱ्हाईकालाच मानाने गेस्ट म्हणतात. म्हणून आपल्या होमस्टेच्या बोर्डावरही मी तेच लिहिलंय.

तू गोंधळू नको. एकच लक्षात ठेव. लिहायचं गेस्ट, वागवायचं कस्टमर.

म्हणजे काय ते सांगतो. गूळ-पाणी बंद. आल्या आल्या काचेच्या ग्लासात कोकम सरबत द्यायचं, सखूला शिकवलंय. नाव-गाव रजिस्टरात आहेच, तोंडी काही विचारायचं नाही. ते कुठे जातात, कधी येतात, खडपावर जातात की किल्ल्यावर, तो आपला प्रश्न नाही. अडवायचं नाही, बरोबर जायचं नाही. मोठी माणसं आहेत, त्यांचं त्यांना कळतं. गप्प राहायचं, आजी. एवढं माझ्यासाठी कर, हात जोडतो.

या सीझनला जमलं नाही तर परत कधी जमणार नाही. का ते आत्ता विचारू नको.

गुरु


अंजनवेल
७ फेब्रुवारी २०२५

गुरु,

बरं.

गुळाचा डबा माळ्यावर ठेवला. काचेचे ग्लास पुसून ठेवले. छत्री खुंटीला लावली.

या घरात येऊन मला छप्पन्न वर्षं झाली. तुझ्या आजोबांनी, तुझ्या बापाने किंवा दारावर आलेल्या कोणी आजवर मला गप्प बस म्हटलं नव्हतं. पण तेव्हा स्टार नव्हते, त्यामुळे कोणाला माहीत नसेल.

घर तुझं, बोर्ड तुझा. आजपासून मी मुकी. बहिरी होतेच.

आजी


डोंबिवली
१७ फेब्रुवारी २०२५

आजी,

तू रागावली आहेस ते कळतं, पण हे ऐक. गेल्या आठवड्यातल्या पुण्याच्या लोकांनी पाच स्टार दिले. ‘शांत जागा, आजी अगदी अदबशीर, कसली लुडबुड नाही.’ बघ, जमलं की नाही तुला.

महिनाअखेरपर्यंत दोन्ही खोल्या भरल्या आहेत. २६ तारखेला साताऱ्याचे तिघे येतायत, नवरा-बायको आणि मुलगी. २८ला मुंबईचे चार मुलगे. खडपाच्या वाटेवर लावायला एक पाटीही करायला टाकली आहे, ‘पुढे जाणे स्वतःच्या जबाबदारीवर’. पाठवतो, म्हणजे तुला काही बोलावंच लागणार नाही.

होमस्टेच्या नोंदणीचा अर्ज अजून माझ्याच पिशवीत आहे. रत्नागिरीला जाऊन द्यायचाय. मार्चमध्ये नक्की.

गुरु


अंजनवेल
२८ फेब्रुवारी २०२५, दुपार

गुरु,

सखूने काल तुला फोनवर सांगितलंच आहे. तरी मी लिहिते, म्हणजे मागाहून मी काय म्हटलं आणि सखूने काय सांगितलं असा घोळ नको.

साताऱ्याची माणसं बुधवारी आली. सुजय, त्याची बायको दिशा, मुलगी ओवी, नऊ वर्षांची. सरबत दिलं. खोली दाखवली. तोंड उघडलं नाही. काल पाचच्या सुमारास बायकोचं डोकं दुखत होतं म्हणून ती पडली होती, आणि तो एकटा खाली खडपावर गेला, सूर्य बुडताना फोटो काढायला. अमावास्या होती. अमावास्येची ओहोटी खोल जाते, खडप लांबवर उघडं पडतं, सारवलेल्या खळ्यासारखं सपाट दिसतं. मग पाणी मागच्या घळीतून भरतं. समोर सूर्य बघणाऱ्याला मागचं पाणी दिसत नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, वाडीतल्या शेळ्यांना माहीत आहे. साताऱ्याच्या माणसाला कसं माहीत असणार.

दिवेलागण झाली तरी तो आला नाही. मी बॅटरी घेऊन उतरले. घळ कमरेच्या वर भरली होती. वाडीतली माणसं आली, दोर आला, होडीही आली. कातळावर त्याच्या चपला मिळाल्या. पायरीवर काढून ठेवाव्यात तशा जोडीने ठेवलेल्या होत्या.

आज सकाळपासून दाभोळच्या होड्या शोधतायत. पोलीस येऊन नावं लिहून घेऊन गेले. दिशा ओटीवर खांबाला टेकून बसली आहे. पाणी दिलं, घेतलं नाही. ओवीला सखूने पेज भरवली. पोरगी मला विचारत होती, बाबा पोहत दुसऱ्या गावाला गेले असतील का. मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तुझे चार मुलगे अकरा वाजता आले. त्यांना गडग्यावरूनच परत पाठवलं. द्या म्हणावं काय स्टार द्यायचे ते.

हे पत्र संध्याकाळच्या गाडीने देते. तू अजून निघाला का नाहीस?

आजी


डोंबिवली
१ मार्च २०२५

आजी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

मी स्टँडवर जाऊन परत आलो. दोनदा. आलो तर मला पहिल्यांदा चौकीवर बसवतील. आपली नोंदणी नाही, आजी. विनानोंदणी माणसं ठेवली आणि त्यातला एक बुडाला. विचारतील, धोक्याची सूचना दिली होती का, पाटी होती का. पाटी इथे माझ्या पलंगाखाली आहे, रंग वाळायचा होता.

तुला एक सांगितलं नव्हतं. माझी नोकरी डिसेंबरातच गेली. तेव्हापासून कोणाला बोललो नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि ग्रंथालयात बसून आपल्या खोल्यांचे फोटो नीट करत राहतो. मी कायमचा घरी यायला निघालो होतो, आजी. त्या दोन खोल्यांवरच. त्या गेल्या तर माझ्याकडे ना मुंबई, ना गाव.

आता नीट वाच. पोलिसांना सांग की ते आपल्या ओळखीचे होते. पाहुणे म्हणून आले होते. पाहुणा म्हटलं की नोंदणीचा प्रश्नच येत नाही, कोणाच्याही घरी पाहुणे येतात. बोर्डावरही गेस्टच लिहिलंय, त्यामुळे ते जुळतं. मी बुकिंग रद्द झाल्याचं दाखवलंय. त्या बाईंनाही समजाव, तशाही त्या आता कशाला भांडतील. तू म्हातारी आहेस, तुझ्यावर कोणी अविश्वास दाखवणार नाही.

आणि माझं ३ तारखेचं पत्र, रकान्यांचं, ते जाळ. आजच्या आज. हेही जाळ.

माझं चुकलं असेल. पण अडवू नको म्हटलं, याचा अर्थ असा होईल असं कुणाला वाटलं होतं?

तुझाच
गुरु


अंजनवेल
५ मार्च २०२५

गुरु,

तुझं पत्र रविवारी सकाळी मिळालं. रितेश गडग्याशी पाकीट देत होता, तेवढ्यात सखूचा नवरा पळत आला. पलीकडे दाभोळच्या बाजूला जाळं काढायला गेलेल्यांना सुजय सापडला होता. म्हणजे एका हातात तुझं पाकीट आणि समोर ती बातमी. पाकीट कमरेला खोचलं आणि आधी दिशाला उठवलं.

ओळख पटवायला ती गेली. मी बरोबर गेले. या वेळी गेले.

दुपारी चौकीवरचा साहेब जबाब घ्यायला आला. पोरगेलाच, तुझ्याच वयाचा. चपला काढून ओटीवर बसला. माझ्या कानाशी ओरडून विचारत होता आणि जे मला लागत नव्हतं ते सखू परत सांगत होती. कागदावर कुठेतरी मयत या घरात कोण म्हणून राहत होता असं लिहायचं होतं. त्याने बोर्ड वाचलाच होता. विचारायच्या आधीच त्याने पेन टेकवलं आणि गेस्ट असं लिहायला घेतलं.

तुला हवं होतं ते आपोआप होत होतं, गुरु. मला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तू मला महिनाभर चांगलं शिकवलं होतंस.

मी म्हटलं, थांबा.

“मग कोण होते? कस्टमर?”

“गिऱ्हाईक.”

“ओळख, नातं काही?”

“नाही. पाहुणा असता तर मी त्याच्याबरोबर खडपापर्यंत गेले असते. गेले नाही. म्हणजे पाहुणा नव्हता.”

त्याने सखूकडे बघितलं, म्हातारीला कळतंय ना ती काय बोलते, असं. सखू म्हणाली, या म्हातारीला सगळं कळतं, तोच तर त्रास आहे. मग त्याने खोडून लिहिलं. बुकिंग कोणी घेतलं विचारलं, तुझं नाव आणि पत्ता सांगितला. नोंदणी आहे का विचारलं, नाही म्हटलं. नंतर त्याने विचारलं, तुम्हाला गप्प बसायला कोणी सांगितलं होतं का. दिशा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला कोण सांगणार.

हे एकच खोटं बोलले. ते तुझ्यासाठी बोलले, आणि त्याचं पुढे काय करायचं ते खाली लिहिते.

आता तुला जे माहीत नाही ते लिहिते. तू समजतोस तुझ्या पत्रामुळे मी त्याला अडवलं नाही. मलाही तसं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ते निम्मंच आहे. गुरुवारी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. तो खाली उतरला, पायरीवर थांबला आणि सरळ माझ्या तोंडासमोर वाकून त्याने विचारलं, “आजी, खडपाकडे जायची वाट हीच ना?” स्पष्ट ऐकू आलं. माझ्या तोंडात आलं होतं, अमावास्या आहे. दोन शब्द. ते गिळले आणि बोटाने वाट दाखवली. तुझा राग होता मला. वीस दिवस काचेच्या ग्लासात सरबत ओतत होते आणि राग साठवत होते. मनात म्हटलं, जाऊ दे, भिजून येईल, फोन भिजेल, गुरूला एक स्टार देईल, मग त्याला कळेल छत्री कशाला धरायची असते ते. माझा राग एवढाच होता, भिजण्यापुरता. समुद्राला ते कोण सांगणार.

तांदूळ निवडून झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. तेव्हासुद्धा उठले असते तर पोचले असते. मी सुपातली कणी पाखडत बसले.

हे सगळं मी सोमवारी दिशाला सांगितलं. तिचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला होता. पिशव्या बाहेर ठेवल्या होत्या. मी तिला खोलीत नेऊन उभ्या उभ्या सांगितलं, तुझं नाव न घेता. ती ओरडेल असं वाटलं होतं. मारेल असंही वाटलं, आणि मी तयार होते. तिने खिडकीचा गज धरला. मग माझ्याकडे वळली आणि मला ऐकू जावं म्हणून सावकाश, एक एक शब्द सोडवून म्हणाली.

“ठाण्याच्या एका बाईने लिहिलं होतं की आजी डोक्यावर बसतात, समुद्रावर जाऊ देत नाहीत. यांना पाण्याचं वेड. बरोबर लहान मुलगी. म्हणून मुद्दाम हेच घर घेतलं होतं आम्ही.”

वाचलंस? परत वाच. मी चार वेळा लिहून बघितलं, तरी ते तेच राहतं. तू जो अभिप्राय पुसायला बघत होतास, तो वाचून ती माणसं आली होती. त्यांना छत्रीवाली म्हातारी हवी होती. आपण दोघांनी मिळून तिला माळ्यावर ठेवली.

ती निघताना मी गुळाचा डबा खाली काढला आणि ताटलीत गूळ आणि दोन पेले पाणी ठेवलं. मला माहीत होतं आता त्याला काही अर्थ नाही. तरी या घरातून तसंच कोणी गेलेलं नाही. दिशाने ताटलीला हात लावला नाही. ओवीने आईकडे बघितलं, पेला उचलून पाणी प्यायली आणि पेला उपडा घालून ठेवला, घरातल्या पोरीसारखा. गूळ राहिला. त्याला मुंग्या लागल्या. मी उचलला नाही.

तीन दिवस चूल पेटवली नाही. वाडीतल्या बायका विचारत होत्या, तुमच्या कुळातला ना गोत्रातला, मग सुतक कसलं. म्हटलं, उंबऱ्यातून गेला आणि माघारी आला नाही, मला एवढं पुरे. सखूने तिच्याकडची भाकरी आणून दिली. आज सकाळी चूल पेटवली. म्हणजे पोलिसांच्या कागदावर तो गिऱ्हाईक, आणि माझ्या चुलीपाशी पाहुणा. दोन्हीत खोटं नाही. तो पाहुणा होता आणि मी त्याला गिऱ्हाईकासारखं वागवलं.

बोर्ड सखूने आणि मी उतरवला. मागच्या पडवीत उलटा टेकून ठेवलाय.

आता तुझं पत्र. जाळ म्हणालास, जाळलं नाही. ३ तारखेचं आणि १ तारखेचं, दोन्ही या पाकिटात घातली आहेत. मी ती चौकीवर देणार नाही, कारण तू माझा नातू आहेस आणि माझ्या हाताने ते होणार नाही. मी ती जाळणार नाही, कारण त्या बाईने खिडकीपाशी उभं राहून मला जे सांगितलं ते मी जाळू शकत नाही. तुझं अक्षर तुझ्याकडे. काय करायचं ते तू ठरव.

नोकरी गेली हे डिसेंबरातच सांगायचं होतंस. तुला घरी यायला दोन खोल्या लागत नव्हत्या, मेल्या. एक पाट लागत होता.

आजी


डोंबिवली
११ मार्च २०२५

आजी,

पाकीट शुक्रवारी मिळालं. तेव्हापासून खिशात आहे. ग्रंथालयात घेऊन गेलो, परत आणलं. शनिवारी गॅस पेटवून समोर धरलंही होतं. कडेला थोडं तपकिरी झालंय, चौकीवर विचारलं तर सांगावं लागेल.

माझंच पत्र वाचताना मला त्यात तू दिसलीस. गप्प राहायचं, आजी, असं मी लिहिलं होतं, आणि ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, कारण ठाण्याच्या त्या बाईसमोर मला तुझी लाज वाटली होती. हे कोणी विचारणार नाही, म्हणून तुला सांगतो.

दिशाताईंना फोन केला. त्यांच्या भावाने उचलला, मी कोण ते सांगितल्यावर ठेवला. परत करणार नाही. पत्र लिहीन, पण आधी हे.

गुरुवार रात्रीच्या गाडीत जागा मिळाली. शुक्रवारी सकाळी गुहागरला उतरेन. आधी चौकीवर जाईन, दोन्ही पत्रं देईन, बुकिंग मी रद्द दाखवलं तेही सांगेन. पुढे काय करतात माहीत नाही. सोडलं तर घरी येईन. तू मला आत घेशील की नाही, तेही माहीत नाही.

पाटी आणू का? रंग वाळला आहे.

गुरु


अंजनवेल
१२ मार्च २०२५

गुरु,

रितेश गाडी सुरू ठेवून उभा आहे, थोडक्यात लिहिते.

पाटी आणू नको. वाचतं कोण.

आत घेशील का विचारतोस, घर काय माझं एकटीचं आहे? चौकीवर जाताना नुसत्या पोटी जाऊ नको. साहेब ओरडला तर ओरडू दे, मध्ये बोलू नको. त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलले ते मीही सांगणार आहे, तेव्हा तू मला वाचवायला जाऊ नको. दोघांनी एकदम खोटं बोललेलं पुरे.

रजिस्टरात सुजयच्या नावापुढे अजून खूण केलेली नाही. चारही रकाने मोकळे आहेत. तू येऊन बघ तुला जमतं का.

शुक्रवारी पौर्णिमा आहे आणि शिमग्याला वाडीत बाहेरची माणसं भरपूर आली आहेत. कोणाच्या घरची, कोण कोणाचा, काही ओळखत नाही मी. सगळी संध्याकाळी खडपाकडे फिरायला जातात. सोमवारपासून मी पाच वाजता छत्री घेऊन घळीच्या तोंडाशी बसते आणि येईल त्याला मागे वळवते. शिव्या देतात बहुतेक, मला ऐकू येत नाहीत. पण उतारावर माझे गुडघे धरतात आणि माझा आवाज पलीकडच्या कातळापर्यंत पोचत नाही. तुझा पोचेल.

सोडलं तर पाचच्या आत ये.

गूळ संपलाय. चिपळूणला गाडी थांबेल तिथे उतरून घे.

आजी